प्लॅटफॉर्मकडची खिडकी

२१ जून ९९

अक्का आली. दिलीप येवल्याहून एस.टी.ने घेऊन आला. तो आपल्या आईला स्वतः आणतोय म्हणजे काही खरं नाही, हे फोनवरच कळलं होतं. एरवी सुताचं दुकान सोडून हलत नाही. स्टँडवर उतरताना पायरी तिला दिसली नाही, पाय हवेत चाचपडत राहिला. मी शेजारीच हात पुढे करून उभा. तिचं तिकडे लक्षच नाही. बोललो तेव्हा मान वळवून म्हणाली, "बाळू, तू हाय होय. मला वाटलं कंडक्टर."

माझी एकसष्टी उलटली. मला बाळू म्हणणारं हे एकच माणूस उरलंय.

घरी मंगलने चहा पुढे धरला. अक्का सरळ समोर बघत बसलेली. मंगलने कप टीपॉयवर ठेवला आणि मुकाट्याने आत गेली. नणंद-भावजय भेटल्या की एरवी मला खोली सोडावी लागते.

२३ जून

डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. उजवा डोळा गेलेलाच. डाव्यात मधोमध थोडं उरलंय, नळीतून बघावं तेवढं. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायचं. थेंब चालू. पुढे ऑपरेशन.

येवल्यात सगळे दोन वर्षं मोतीबिंदू पिकायची वाट बघत होते. पिकला की काढू. शेजारणी, जावा, सुना, सगळ्या डॉक्टर. आंबा आहे का तो? डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू नव्हताच. दिलीप रिक्षात रडकुंडीला आला. "मामा, आमच्याकडं सगळ्यांचा पिकूच देतात." त्याला काय बोलणार. तरी बोललो, बरंच. अक्का मध्ये बसून पदराने डोळे पुसत होती, थेंबांमुळे असेल.

ऑपरेशन होईपर्यंत ती आमच्याकडेच राहणार.

२६ जून

अक्काला मोठं काही दिसत नाही, बारकं दिसतं. दार दिसत नाही, कडी दिसते. आज मला म्हणाली, "तुझं नाक दादांवर गेलंय. इतक्या वर्षांत आत्ता नीट बघितलं."

मागच्या खोलीत नेली, माझ्या खेळण्यातल्या रेल्वेच्या टेबलाकडे. दारात उभं राहून लांबून बघितलं तर अख्खं टेबल तिच्या नळीत मावतं. इंजिन फिरवून दाखवलं. "अगोबाई, आख्खी गाडी दिसली." बाहेर रस्त्यावर तिला अख्खा माणूस दिसत नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच. टेबलावर आमचं स्टेशन उभं करायचं. सावरदरे रोड. दादा, आमचे वडील, तिथे स्टेशनमास्तर होते, अक्का आणि मी तिथल्या रेल्वे क्वार्टरात वाढलो. मनमाडच्या पलीकडे, मीटर गेजवर. रुंदीकरणात पाडलं. मध्ये जाऊन आलो, बाभळी आणि खडीचा ढीग. फोटो एकही नाही. ते पाहिलेले डोळे आता अक्काचेच, माझे तेव्हा फार लहान होते. तिला दिसतंय तोवर झालं पाहिजे. तिने बघून म्हणायचं, हो, हेच.

३० जून

जुने डोंगर फोडले. दोन वर्षांची मेहनत. परदेशी मासिकातली चित्रं बघून केलेले, बर्फाच्या टोप्या घातलेले. पाइनची झाडं उपटली. नाशकात पाइन कोणी बघितलाय? रिटायर झाल्यावर माणसाला काय काय सुचतं.

मंगल केर भरायला आली. "हिमालय काढलात? बरं झालं, धूळ फार धरायचा."

माप ठरवलं. साडूंनी परदेशातून आणलेल्या रुळांत सोळा मिलिमीटर अंतर, आमच्या गाडीच्या रुळांत मीटर. म्हणजे खऱ्या फुटाला पाच मिमी. इंजिन त्या मानाने खुजं ठरतं. ठरू दे.

८ जुलै

क्वार्टरचं ड्रॉइंग मिळालं. जुन्या ओळखीतून, टाइप प्लॅनची अमोनिया प्रिंट. अजून वास येतो. त्या लाइनवरची सगळी क्वार्टरं याच प्लॅनची. दोन खोल्या, पडवी, मागे मोरी. काळ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं. सगळं आठवत गेलं, मोरीच्या दगडाचा गारवासुद्धा.

प्लॅटफॉर्मकडची भिंत मात्र सलग. खिडकी नाही.

पुन्हा पुन्हा बघितलं. भिंगाने बघितलं. नाही.

९ जुलै

अक्काला विचारलं. म्हणाली, "होती. सैपाकघरातून प्लॅटफॉर्मकडं. आई तिथं उभी राहून गाडी बघायची. तू कडेवर."

"ड्रॉइंगमध्ये नाही."

"ड्रॉइंग काढणारा राहत होता का तिथं?"

मंगल हसली. मला हसू आलं नाही.

आई गेली तेव्हा मी पाचेक वर्षांचा. मला सिग्नल आठवतो. इंजिनात पाणी भरायचा नळ आठवतो, त्याची सोंड. आई आठवत नाही. आईचं म्हणून माझ्याकडे आहे ते एवढंच: खिडकी, हिरव्या बांगड्या, मी कडेवर, सिग्नल पडला की तिचं "आली बघ". मला वाटायचं हे मला आठवतं. खरं तर हे अक्काने झोपवताना सांगितलेलं. खिडकी नसेल तर माझ्याकडे आईचं काहीच नाही.

म्हणून तर पाडत नाही खिडकी. पुठ्ठ्याला भोक पाडायला कितीसा वेळ? पण ओझरच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये हयात गेली. कागदावर नाही ते करायचं नाही. अक्का पुरं झालेलं स्टेशन बघेल आणि बोट ठेवून सांगेल, इथे. मग पाडीन.

१७ जुलै

डोंगर. जाळीवर वर्तमानपत्राचे थर, मैद्याची खळ. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, तो घालायला विसरलो. पुस्तकं बांधणाऱ्यांना पोरवयात कळतं ते मला कळलं नाही. सकाळी बघतो तर झुरळांची पंगत. अर्धा डोंगर खरवडून काढला. पुन्हा पहिल्यापासून.

डब्यातला मैदा कुठे जातो ते मंगलला कळलंय. विकत आणायला सांगते आता, घरातला देत नाही.

२९ जुलै

लिंबाच्या झाडासाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, तिला वखारीतला भुसा हिरवा करून चिकटवला. झाड छान झालं. कुठे लावायचं यावर अक्काशी वाद. ती म्हणते मोरीमागे, मला आठवतं नळाजवळ. "तू लय बारका होतास. तुला काय आठवतं?" लावलं मोरीमागे. ती म्हणते ते खरं, दुसरं खरं आणू कुठून.

तिला मात्र दाखवत नाही काहीच. दाराला पडदा लावलाय. अर्धवट बघितलं तर अर्धवट आठवेल. पुरं एकदम बघायला पाहिजे.

१४ ऑगस्ट

थेंब टाकूनही डोळ्यातला दाब उतरत नाही. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, गणपतीनंतर. नजर सुधारण्यासाठी नाही, उरलीय ती राखण्यासाठी. असंही म्हणाले की इतकं थोडं उरलेलं असताना कधीकधी ऑपरेशनमध्ये तेही जातं. नाही केलं तर जाणारच आहे. अक्काच म्हणाली, "करा."

घरी येऊन कौलं कापत बसलो. बिस्किटाच्या खोक्यातला पन्हळी पुठ्ठा. कौलं वाकडी येतात. खरी तरी कुठे सरळ होती.

३० ऑगस्ट

अक्का कप ठेवते तो टीपॉयच्या बाहेर. आज दुसरा फुटला. मंगल म्हणाली, "वन्सं, राहू द्या, तो टवका उडालेलाच होता." नव्हता उडालेला.

नाशिकरोडला घर म्हणजे दिवसभर गाड्या. अक्का कॉटवर बसून ओळखते. मालगाडी, पॅसेंजर, नुसतं इंजिन. बरोबर ओळखते.

स्टेशनची इमारत झाली. तिकिटाची खिडकी, दादांचं टेबल, घंटा म्हणून रुळाचा टांगलेला तुकडा. सिग्नलचा दिवाही लागतो. घाईत आहे. क्वार्टरच्या भिंतींवर सुईने दगडाचे सांधे ओढतोय, एकेक.

१८ सप्टें.

गणपती बसलेत, घरात पाहुणे, काम बंद. चिडचिड. मोदक छान झाले होते म्हणे.

२७ सप्टें.

उद्या ऑपरेशन. क्वार्टरला आज काळा रंग दिला. बाकी सगळं उभं आहे. अक्का पडद्याशी येऊन उभी. "दाखव की आता. किती लपवशील?"

म्हटलं, रंग ओला आहे. दोन दिवसांत वाळेल. ऑपरेशन होऊ दे, नीट बघ.

"बरं," म्हणाली आणि गेली.

१ ऑक्टो.

पट्टी काढली. अक्काला उजेड कळतो. बाकी काही नाही.

डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस बघू. त्यांचा चेहरा मला दिसत होता.

४ ऑक्टो.

काही लिहिण्यासारखं नाही.

११ ऑक्टो.

उजेड कळतो एवढंच. खिडकीकडे तोंड करून बसते. औषधं चालू, पण आता कशासाठी ते कोणी विचारत नाही.

दिलीप येऊन गेला. पाया पडला माझ्या. त्याला काय माहीत. मी दाखवलं असतं तर तिने बघितलं असतं. ओल्या रंगाला हात लावायचा नाही, एवढं सांगितलं असतं तर पुरलं असतं. डोळ्यांनी बघायला रंग वाळावा लागत नाही. हे मला त्या दिवशी का सुचलं नाही? तिला दोन वर्षं "पिकू दे" म्हणणाऱ्यांवर ओरडलो, आणि स्वतः "वाळू दे" म्हणालो.

मंगलला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही काय जाणूनबुजून केलंत का?" हे म्हणतातच. याने काही होत नाही.

२४ ऑक्टो.

मागच्या खोलीत जात नाही. धूळ बसते आहे. मंगलने पडदा काढून धुतला आणि परत लावला नाही.

२ नोव्हें.

दिवाळी आली. बिल्डिंगच्या पोरांनी खाली मातीचा किल्ला केलाय. अक्का गॅलरीत बसली होती. "आळीव पेरलेत का रे त्यांनी? ओला वास येतोय." मग म्हणाली, क्वार्टरामागे आपण किल्ला करायचो, आईच्या डब्यातले आळीव चोरून पेरायचो, हिरवंगार व्हायचं.

मला काय झालं कोण जाणे. पडवीमागच्या डोंगरावर माती थापली आणि आळीव पेरले. भुशाचं गवत तिला दिसणार नाही, हाताला तरी लागेल काही. रोज पाणी शिंपडतोय. हयातभर केसभर टॉलरन्समध्ये काम केलेला माणूस प्लायवूडवर शेती करतोय.

८ नोव्हें.

आळीव उगवले. इवलीइवली पानं, दाट. अक्काला आणलं, नुसत्या डोंगरावर हात ठेवला तिचा. तळवा फिरवत राहिली. "आई गं," म्हणाली. बराच वेळ हात काढला नाही. बाकी टेबलाला तिने हात लावला नाही, मीही लावू दिला नाही. क्वार्टरची भिंत सलग होती ना.

हे लिहिताना बरं वाटतंय, पहिल्यांदाच.

१५ नोव्हें.

प्लायवूड फुगलं. पाण्याने थर सुटले, रूळ मधोमध उचलले गेले, गाडी डोंगरापाशी येते आणि घसरते. आळीव पिवळे पडून लोळले, बुरशी आली, वास सुटला. पोरं किल्ला अंगणात करतात, त्याला कारण आहे.

उपटून टाकलं सगळं. तिथे आता नुसता डाग.

२८ नोव्हें.

रूळ सरळ केले. लाकडाच्या पट्ट्या ठोकून प्लाय दाबून धरलंय. गाडी फिरते, त्या जागी धडधडते जरा.

आज खिडकी पाडली.

अक्का बघून बोट ठेवणार होती, ते आता होणार नाही. मग ड्रॉइंगला तरी कशाला धरून बसायचं? ती म्हणते होती, तर होती. कुठे आणि केवढी तेही विचारलं नाही, आई मला कडेवर घेऊन मावेल एवढी धरली. नवं ब्लेड लावून कापली. चौकट लावली, हिरवी. तुकडा फेकवला नाही, काड्यापेटीत ठेवला.

टेबलाच्या कडेशी डोळा नेऊन आतून बघितलं. प्लॅटफॉर्म दिसतो. सिग्नलही दिसतो. मी रडलो, हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे सांगणार.

५ डिसें.

अक्काचा हात धरून टेबलापाशी आणली. म्हटलं, आता सगळं बघ. मोडलं तर मोडू दे.

सिग्नलपासून सुरुवात केली तिने. रुळांवरून बोटं, प्लॅटफॉर्मची कड, नळाची सोंड ("हा बरोबर केलास"), मग लिंब. फांदी मोडली एक. क्वार्टर. कौलं चाचपली. "हितंच गळायचं." मोरीच्या दगडावर बोट ठेवून हसली. मग पुढे आली, प्लॅटफॉर्मकडच्या भिंतीवर, आणि बोट खिडकीत गेलं.

मी वाट बघत होतो. आता म्हणेल, बघ, होती की नाही.

"हे काय केलंस?"

"खिडकी. तू म्हणत होतीस ती."

बोट तिथेच. काढलं नाही. मग म्हणाली, "खिडकी नव्हती, बाळू."

मला वाटलं तिला कळलं नाही मी काय म्हणतोय.

"नव्हती. आईला पायजे होती. दादांना म्हणायची, एवढंसं भोक पाडून द्या, जाता-येता गाडी तरी दिसंल. दादा म्हणायचे, सरकारी भिंत हाय. ती गेल्यावर तू आई कुठं, आई कुठं करून रडायचास. तुला कायतरी सांगावं लागायचं. मग मी खिडकी सांगितली."

"मग जुलैपासून भांडत का होतीस माझ्याशी?"

"सांगून सांगून मलाच दिसायला लागली होती रे. डोळे होते तोवर दिसायची."

मंगल दारात उभी होती.

मी विचारलं, मग आई कुठे उभी राहायची?

"उभी कुठली? चुलीपुढं बसलेली असायची. गाडी आली की तोंड वळवायची तिकडं. भिंतीकडं."

८ डिसें.

ड्रॉइंग बरोबर होतं.

हिरव्या बांगड्यांचं विचारलं नाही. विचारायचं धाडस नाही.

१२ डिसें.

उद्या दिलीप येणार, अक्का येवल्याला परत. आपल्या घरात चाचपत का होईना फिरता येतं म्हणते. तिचं खरं आहे. मंगलने थालीपिठाची भाजणी बांधून दिली.

दुपारी अक्का आपणहून मागच्या खोलीत आली. "गाडी सोड." खुर्ची दिली. ती बसली ते टेबलाकडे पाठ करून, तिला कळलं नसावं. वळवू का म्हटलं तर म्हणाली, "राहू दे, ऐकू येतंय." गाडी फिरत राहिली. फुगलेल्या जागी धडधडली की अक्का मान जराशी वळवायची. समोर नुसती भिंत, तिच्यावर कॅलेंडर.

ती बाहेर गेल्यावर काड्यापेटीतला तुकडा काढला. चौकट सोडवून बसवून बघितला. ब्लेड सरळ चाललं होतं, सांधा दिसतही नाही. भिंत पुन्हा सलग, ड्रॉइंगप्रमाणे. आत अंधार. काढला. प्लॅटफॉर्म दिसला. परत बसवला.

मंगलने हाक मारली, "अहो, जेवायला येताय ना? वन्सं थांबल्यात तुमच्यासाठी." येतो म्हटलं, तुकडा काढून शर्टाच्या खिशात टाकला. अजून तिथेच आहे.